हौगांगच्या एसीतला गाळ

मी ज्या कारखान्यात नोकरी करायचे, तिथे धुळीच्या एका कणावरून माणसांची चौकशी बसायची. अतिशयोक्ती नाही. संगणकाच्या चिप तयार व्हायच्या तिथे. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला फडकं, हातमोजे, आणि अंगावर वाऱ्याचा झोत घेतल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही. कुठे कचरा सापडला की तो कुणामुळे आला हे शोधून काढणं माझ्याकडे होतं. चौदा माणसं हाताखाली होती आणि चौदाही जण मला टरकून असायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी घरात काय दिवे लावले ते वाचताना हसायचं की कीव करायची हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

आम्ही तेव्हा सिंगापूरला हौगांगमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा पुण्याचा, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम बघायचा. मी नागपूरची. आई जाऊन आठ महिने झाल्यावर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले.

बाबांनी नागपूरजवळच्या एका वीजकेंद्रात बत्तीस वर्षं बॉयलरच्या देखभालीत काढली. बॉयलरच्या नळ्यांत गाळ साचतो, खपल्या धरतात, पाणी अडतं. ते सगळं खरवडून, धुऊन, फुंकून बाहेर काढायचं हे त्यांचं काम. तिथल्या धडधडाटात बोलायची सवय लागल्यामुळे घरीही त्यांचा आवाज वरच्या पट्टीतच असायचा. गळका नळ, पाण्यात भिजत पडलेला साबण आणि मोरीच्या जाळीत अडकलेले केस हे आमच्या घरातले तीन महाअपराध होते. आई आणि मी मिळून जाळीतल्या केसांवरून जेवढी बोलणी खाल्ली तेवढे घासही कदाचित खाल्ले नसतील. कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर सकाळची शांतता.

आणि हेच बाबा हौगांगला आले आणि पाहुणे झाले.

पाहुणे म्हणजे कसे? सोफ्याच्या कडेवर बसायचे, पाठ टेकायचे नाहीत. सकाळी सहाला उठून आवाज न करता बुद्धवंदना करायचे, अंथरुणाची घडी अशी घालायचे की दुकानात मांडावी. आणि बोलायचे पुण्याच्या रेडिओसारखं. जन्मभर खणखणीत वऱ्हाडी बोललेला माणूस, जावयाच्या घरात आल्यावर मला म्हणायचा, "थोडं पाणी मिळेल का?" एकदा तर "मी फ्रिज उघडला तर चालेल का?" असं विचारलं. पोटच्या पोरीला! मला हसूही आलं आणि रडूही.

मी त्यांचं सगळं करत होते. कामावर जाण्याआधी डबा भरून ठेवायचे, रिमोट हाताशी ठेवायचे, चहाचा थर्मास टेबलावर. ते कप विसळायला उठले की कप हातातून काढून घ्यायचे. "तुम्ही बसा बाबा." झाडांना पाणी घालायला गेले की, "राहू द्या, तुम्ही बसा." जन्मभर राबले, आता आराम करू दे, असा माझा हिशोब. इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी त्यांना.

आले होते तीन महिन्यांसाठी. पाचव्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईबापू, जमत असेल तर तिकीट अलीकडचं करून द्या. आता निघावं म्हणतो." मला नाही, नवऱ्याला! आणि नवरा इतका सज्जन की त्याने दुसऱ्याच दिवशी येत्या शनिवारनंतरच्या शनिवारचं तिकीट बदलून आणलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बाबांशी भांडायची तर सोयच नव्हती, पाहुण्याशी कोण भांडतं? नागपूरचं घर रिकामं होतं. तिथे ते एकटे कुलूप उघडून आत जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं. मला ते राहायला हवे होते. पण खरं सांगायचं तर असे पाहुणे म्हणून नकोच होते. मला माझे ओरडणारे बाबा हवे होते.

वाळ्याचं प्रकरण त्याच्या दोन-चार दिवस आधीचं.

बाबा कॉलिंग कार्डावरून नागपूरच्या मित्राशी बोलत होते आणि मी शेजारच्या खोलीत कपडे वाळत घालत होते. "सगळं चांगलं आहे," ते म्हणाले. "थंडही आहे. पण या हवेला वास नाही बुवा." एवढंच. पण मी काय ते समजले. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर लागायचा आणि त्याच्या पाण्यात वाळा असायचा. दुपारी बाहेर डांबर वितळत असलं तरी घरात ओल्या मातीसारखा, गोडसर वास भरलेला असायचा. बाबांनी येताना बॅगेत वाळ्याच्या दोन जुड्या आणल्या होत्या, पिण्याच्या पाण्यात टाकायला. आमच्याकडे माठ नाही हे बघून त्या बिचाऱ्या कपाटात पडून होत्या.

त्यांना खाली बाजारात भाजी आणायला नवऱ्याबरोबर पाठवलं आणि मी त्यांच्या खोलीतला एसी उघडला. पुढचं झाकण वर केलं, जाळी काढली. आत थंड होणाऱ्या पत्र्यांवरून पाणी ठिबकतं ते जमायला खाली एक लांबट ट्रे असतो आणि तिथून एक नळी ते पाणी बाहेर नेते. मी दीड जुडी वाळा मोकळा करून त्या ट्रेमध्ये नीट पसरून दिला. जाळी लावली, झाकण बंद केलं. वर हातही झटकले. कारखान्यात कुणी माझ्या यंत्रात एक केस टाकला असता तर मी त्याला उभा सोलला असता, हे मला त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही.

वास आला मात्र झकास! अर्ध्या तासात ती खोली नागपूर झाली. बाबा आत गेले, दारातच थांबले, मोठा श्वास घेतला. मी स्वयंपाकघरातून कान टवकारून होते. "छान आहे," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. संपलं. मी इतकी हिरमुसले की वाळ्याबद्दल काही बोललेच नाही. चार दिवसांनी वास गेला आणि माझ्या डोक्यातून वाळाही गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बाबांना चहा द्यायला गेले आणि माझा पाय सर्रकन घसरला. एसीच्या बरोबर खाली एक स्टीलचं पातेलं ठेवलं होतं, बाजूला बाबांचा पंचा पिळून वाळत घातला होता. वरून पाणी ठिबकत होतं, टप, टप, टप.

"कधीपासून गळतंय?" मी विचारलं.

"झाले असतील चार दिवस," बाबा म्हणाले. "मी पुसून घेतो आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही."

चार दिवस! गळक्या नळावरून घर डोक्यावर घेणारा माणूस चार दिवस पंचाने फरशी पुसत होता आणि अवाक्षर बोलला नव्हता. वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. तो राग काढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी तडक आठव्या मजल्यावर गेले. आमच्या बरोबर वर एक चिनी आजी राहायच्या. तुमच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतंय, असं मी त्यांना इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी ठणकावून सांगितलं. आजींनी माझा हात धरला आणि आपलं अख्खं घर फिरवून दाखवलं. फरशी खडखडीत कोरडी. निघताना त्यांनी माझ्या हातात दोन संत्री ठेवली. मी जिन्यावरून खाली आले तेव्हा मान वर करवत नव्हती.

मग घरमालकावर घसरले, जुना माल गळ्यात मारला म्हणून. मग नवऱ्यावर घसरले. त्याने शांतपणे इंटरनेटवर वाचून सांगितलं, "नळी तुंबली असणार. साफ करणाऱ्याला बोलावू." कचरा कुणामुळे आला हे शोधणं ज्या बाईचं काम, तिला अजूनही काही आठवलं नव्हतं.

रविवारी सकाळी एसीवाले अंकल आले. बाबांच्याच वयाचे, सडपातळ, अर्धी चड्डी आणि कमरेला हत्यारांचा पट्टा. त्यांनी एसीला खालून मोठी प्लॅस्टिकची झोळी बांधली, झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. मग वाक्याच्या शेवटी 'लाह'ची शेपटी लावणाऱ्या तिथल्या इंग्रजीत म्हणाले,

"चोक ऑलरेडी, लाह. इनसाइड ऑल जेली."

ट्रेमध्ये बोट घालून त्यांनी नमुना काढून दाखवला. करड्या रंगाचा बुळबुळीत गोळा, नासलेल्या साबुदाण्यासारखा. दमट हवेत धूळ आणि बुरशी मिळून असा गाळ होतो, म्हणाले, सगळ्यांकडे होतो. पण इतका त्यांनीही पाहिला नव्हता. नळीचं दुसरं टोक न्हाणीघरात मोरीपाशी होतं. तिथे त्यांनी पंप लावला आणि ओढायला सुरुवात केली. पंप घुर्र घुर्र करून दमला. नळीतून दोन थेंब आले.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांचे डोळे मात्र त्या नळीवर होते. त्यांनी एकदा घसा खाकरला. मग उठले.

"बाबा, तुम्ही बसा. अंकल करतील."

बसले. पंप पुन्हा घुरघुरला. बाबा पुन्हा उठले.

"बसा ना, बाबा. कपडे खराब होतील."

पुन्हा बसले. अंकलनी तिसऱ्यांदा ओढून पाहिलं आणि कपाळ पुसत म्हणाले की आता भिंतीवरची सगळी नळी कापून नवी टाकावी लागेल. बाबा उठले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला हाताने असं बाजूला सारलं, जसं लहानपणी रस्त्यावर सायकल आली की सारायचे. टेबलावरचा चमचा घेतला, अंकलना भिंतीवरच्या नळीचं प्लॅस्टिकचं आवरण काढायला खुणेने सांगितलं आणि कान लावून नळीवर चमचा वाजवत पुढे सरकू लागले. टिंग, टिंग, टिंग. एसीच्या जवळ, जिथे नळी वळते, तिथे आवाज बसका झाला. ठप.

अंकलनी कान लावला. बाबांनी पुन्हा वाजवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम हसले. आपल्यासारखा माणूस भेटल्यावर माणसं हसतात तसं.

मग बाबांनी त्यांना समजावलं. इंग्रजीचे चार शब्द आणि बाकी हात. खालून ओढलं की बोळा वळणात आणखी घट्ट बसतो. ओढू नका, खालून पाणी ढकला. ज्या वाटेने आत गेलंय त्याच वाटेने बाहेर येऊ दे. "पुल, नो. पुश! पुश!" बाबा ओरडले, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्या घरात त्यांचा खरा आवाज ऐकू आला. अंकलनी अंगठा वर केला. न्हाणीघरातल्या नळाला रबरी पाइप जोडला, त्याचं तोंड त्या नळीला चिंधीने आवळून बसवलं. बाबा नळाशी उकिडवे बसले, अंकल त्या जोडावर दोन्ही हात दाबून. मला झोळी ताणून एसीखाली उभं केलं. नवऱ्याला दारात निरोप पोचवायला.

बाबांनी नळ थोडा सोडला, बंद केला. पुन्हा सोडला, बंद केला. मग पूर्ण सोडला.

आधी एसीच्या पोटात गुडगुडलं. मग फस्सकन आवाज झाला आणि नासलेल्या साबुदाण्याचा एक लोट ट्रेमधून उडून अर्धा झोळीत आणि अर्धा माझ्या डोक्यावर आला. केसांत, कानांत, ब्लाउजच्या आत. मी किंचाळले. अंकल आणि बाबा धावत आले. झोळीत त्या गाळाच्या मधोमध बोटभर जाडीचा एक तपकिरी बोळा पडला होता, नुसती तंतूंची गुंतवळ.

"वाऽ," अंकल म्हणाले, "युअर हाउस कीप हॉर्स, अह?"

बाबांनी तो बोळा उचलला. पिळला. नाकाशी नेला. आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी, फक्त त्या क्षणी, मला सगळं आठवलं.

"वरच्या आजींकडून..." मी सुरुवात केली. लाज म्हणून नाही मला.

"वाळा हाय हा!" बाबा गरजले. खिडकीची काच थरथरली असेल. "मशिनीत वाळा टाकला तू? अक्कल हाय का नाही वं तुले? एवढी शिकली, साहेबीण झाली, आन् मशिनीत गवत टाकून राह्यली?"

नवरा दोन पावलं मागे सरला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्याने सासऱ्यांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

"टाकाचाच होता त टाकाचा! पण असा मोकळा? तुह्या मायनं कधी मोकळा टाकला का कूलरात? मलमलच्या फडक्यात बांधे ती. दोन गाठी मारे. काडी सुटली त पंपात जाईन म्हणून रोज सकाळी सोडून, धुऊन पुन्हा बांधे. तीस वर्सं वाळा टाकला तिनं. एक दिवस पंप चोक झाला नाही. एक दिवस!"

आणि थांबले. आई गेल्यापासून नऊ महिन्यांत त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. फोनवर नाही, इथे आल्यावर नाही. हातातल्या त्या ओल्या बोळ्याकडे बघत ते नुसते उभे राहिले. मला भीती वाटली की आता ते खुर्चीत जाऊन बसतील, गुडघ्यांवर हात ठेवतील आणि म्हणतील, "थोडं पाणी मिळेल का?" ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी भांडायला उभी राहिले.

"मग मले कोनं सांगितलं होतं?" मीही ओरडले. वऱ्हाडी माझ्या तोंडून कशी निघाली मलाच कळलं नाही. "तुमी सांगाचं ना! चार दिवस पातेलं ठेवून गप बसले, ते?"

"विचारलं का तू? पाच हप्ते झाले, 'बसा बाबा, बसा बाबा'! कप उचलला का बसा, झाडाले पानी घातलं का बसा. बसून बसून बुडाले घट्टे पडले माह्या! मी काय पाव्हना हावो का वं तुह्या घरी?"

पाच आठवडे मी त्यांना मनातल्या मनात ज्यासाठी बोल लावत होते, ते मीच घडवून आणलं होतं, थर्मास आणि रिमोट हाताशी ठेवून.

"तुमीच त पाव्हन्यावानी वागून राह्यले!" तरी मी म्हटलंच. "'फ्रिज उघडला तर चालेल का' म्हणे!"

"आय्या, नो नीड क्वारल, लाह," अंकल मध्ये पडले. "स्मॉल थिंग ओन्ली."

त्यांना कोण सांगणार! मी छत्तीस वर्षांची, केसांतून गाळ ओघळतोय, मान खाली, आणि मनात एकच, हे बोलणं थांबू नये. पुढे दहा मिनिटं थांबलंही नाही. वाळ्यावरून ते ओल्या साबणावर गेले, साबणावरून मोरीच्या जाळीतल्या केसांवर. गेले पाच आठवडे तेही सगळं बघून गिळत होते म्हणायचे.

शेवटी दम लागला तेव्हा त्यांनी अंकलना सरबत दिलं. स्वतः फ्रिज उघडून, कुणाला न विचारता. दोघे बादलीतल्या गाळाकडे बघत, एकमेकांची भाषा न कळता, बराच वेळ गप्पा मारत बसले.

मी केस धुऊन आले आणि धीर करून विचारलं, "शनिवारी जाता का मग?"

बाबांनी हॉलमधल्या एसीकडे पाहिलं. मग आमच्या खोलीतल्या एसीकडे.

"या दोन मशिनीत तू काय काय टाकून ठेवलं हाय ते पाहिल्याशिवाय कसा जाऊ?" ते म्हणाले. "जवाईबापूले सांग तिकीट पुढं कराले. एकेक मशीन सावकाश खोलून पाहा लागन."

त्या दोन्ही एसींत मी काहीच टाकलं नव्हतं. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.